खुणेच्या वरचं तेल

॥ श्री नामदेव ॥

नरसी नामदेव
रविवार, १२ ऑक्टोबर २००३

चि. परमेश्वर भावजींना वहिनीकडून आशीर्वाद.

तिकडं सगळं ठीक असेलच. पुण्यात ठीक नसायला काय झालं. इथलं लिहिते.

तुम्ही पाठवलेली गाडी चालेना झाली आहे. बंद पडली असती तर एका ओळीत लिहून मोकळी झाले असते. पण ती सुरू होते, ओरडते आणि जागेवरच राहते. मनात आलं तर हलते, मग पहिल्याच गिअरात गुरगुरत जाते. पुढचा गिअर काही पडत नाही. परवा मंदिराच्या कमानीपासून आमच्या दारापर्यंत यायला पाव तास लागला. मागून शेळ्यांचा कळप आला आणि आम्हाला ओलांडून पुढं गेला. कळपवाला हरिचंद म्हणजे वर्षानुवर्षं यांच्या हातून जनावरांना लस टोचून घेतलेला माणूस. तो काचेपाशी वाकून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, धक्का देऊ काय?" हे मान खाली घालून बसले.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. देवाकडून काही कमी पडलेलं नाही. कमी पडलं असेल तर ते तुमच्याकडून.

गाडी आली तेव्हा गावभर झालं की धाकट्यानं थोरल्याला परदेशी गाडी दिली, जिला क्लच नाही, डाव्या पायाचं काम नाही, गिअर आपोआप पडतात. तुमच्या साहेबानं दहा-बारा वर्षं वापरली, मग चार वर्षं तुमची हौस झाली, मग ती आमच्या दारात आली हे कुणी बोललं नाही. असं दान मलाही करता येतं. घरात फाटकी चादर आहे.

यांची वैद्यकीय रजा ३१ डिसेंबरला संपते हे तुम्हाला माहीत आहे. १ जानेवारीला हिंगोलीच्या कार्यालयात टेबलाच्या कामावर हजर व्हायचं, नाहीतर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायचा. पाय गेल्यापासून आठ महिने हे घरात बसून भिंत बघून राहिले. कायमचं बसले तर काय होईल ते मला दिसतं. बस एकदा करून पाहिली, त्यानंतर स्टँडकडं फिरकले नाहीत. राहिली ही गाडी. तेव्हा तिला काय झालं ते कळवा.

माझ्याकडून कसूर नाही. तुम्ही कागदावर लिहून दिल्याप्रमाणे दर सोमवारी, महादेवाला पाणी घालून आले की, मी स्वतः गिअरच्या तेलाची पट्टी काढून बघते. खुणेच्या वर तेल जाऊ देत नाही.

फोन करू नका. फोनवर बोललेलं मागाहून कुणी कबूल करत नाही.

चांगुणा


पुणे
२० ऑक्टोबर २००३

ती. सौ. वहिनींना नमस्कार.

पत्र पोचलं. चादरही पोचली.

वहिनी, ही ऑटोमॅटिक गाडी आहे, टमटम नव्हे. ती धक्का देऊन सुरू होत नसते, तेव्हा हरिचंदला सांगा की त्यानं आपल्या शेळ्या सांभाळाव्यात. माझ्याकडं चार वर्षांत तिनं एकदाही त्रास दिला नाही. नरसीत येऊन तीन आठवड्यांत ती बिघडते याचा अर्थ मला एकच दिसतो. कुणीतरी तिच्यात हात घातला. आपल्याकडं ज्याच्या हातात पाना तो मेकॅनिक. संतरामला बोलावलं असेल तर आधीच सांगतो, त्यानं आयुष्यात ट्रॅक्टर सोडून काही उघडलेलं नाही.

आता मी लिहितो ते एकेक करून बघा, घाई करू नका. पहिलं, दांडा D वरच आहे ना. तो 2 किंवा L वर राहिला तर वरचा गिअर पडणारच नाही, आणि तो गाडीचा दोष नाही. दुसरं, अ‍ॅक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सकडं एक बारीक वायर जाते, ती निसटली आहे का. तिसरं, तेलाचा रंग आणि वास. लाल असलं तर ठीक. काळं पडून जळका वास येत असला तर आतल्या प्लेटा गेल्या, मग खर्च मोठा आहे.

हे दादांना विचारून करा. गाडीचं इंग्रजी पुस्तक मी त्यांच्याच हातात दिलं आहे. इंग्रजी तुमच्या घरात त्यांनाच येतं.

परमेश्वर


नरसी नामदेव
रविवार, २ नोव्हेंबर २००३

चि. परमेश्वर भावजी,

दिवाळी झाली. तुमचं भेटकार्ड मिळालं. त्यावर सोनेरी अक्षरांत इंग्रजीत काहीतरी छापलं होतं. ते यांना दिलं, तुम्ही म्हणता ना, इंग्रजी यांनाच येतं.

तुमचं एकेक बघितलं. दांडा D वर आहे. A B C D मला येतात, मॅट्रिक झालेली आहे, आणि त्या वर्षी आमच्या शाळेतून पास झालेल्या तीन मुलींत मी एक होते. तुम्ही दोनदा बसला होता, ते मी कधी काढत नाही.

वायर संतरामनं बघितली. तुम्ही त्याला नावं ठेवली तरी त्यानं बोट लावून दाखवलं, ताणलेली आहे, निसटलेली नाही. तो म्हणाला, "बाई, आपून ट्रॅक्टरवाले. ह्यात मी पाना घालीत न्हाई. हिंगोलीला दाखवा." तुमच्या पुण्यात असं कबूल करणारा मेकॅनिक आहे का एक तरी?

तेल लाल आहे, कुंकू कालवल्यासारखं. वास नाही. दूध नासायच्या आधी मला वासावरून कळतं, तेव्हा जळकं तेल मला कळलं नसतं असं समजू नका.

हिंगोलीहून रामसिंग मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बोनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि लावून टाकलं. हिंदीत म्हणाला, "भाभीजी, इसको बेच दो, जो मिले सो लो." येण्याजाण्याचं भाडं घेऊन गेला, वर चहा.

आता मी सरळ लिहिते. गाडी बिघडणार हे तुम्हाला ठाऊक होतं. दारात उभी ठेवायलाही जागा लागते पुण्यात, म्हणून भावाच्या दारात आणून लावली आणि नाव मिळवलं. यांना मी तसं बोलले. हे म्हणाले, "जाऊ दे." गाडी चालली नाही तर बरंच आहे असं तोंड करून म्हणाले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला राग आला असता. यांचा आता रागही येत नाही. दिवसभर ते पुस्तक मांडीवर घेऊन ओसरीत बसतात, पान उलटत नाहीत.

साठ दिवस राहिले.

चांगुणा


पुणे
११ नोव्हेंबर २००३

वहिनी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दहावीला दोनदा बसलेला माणूस, पहिल्या वेळी कळलं नाही.

गाडी तुमच्याकडं पाठवण्याआधी तिचा गिअरबॉक्स उघडून नवा करून घेतला होता. मुंबईच्या माणसाकडून. पावती आहे, पण ती पाठवणार नाही, कारण तुम्ही ती खरी आहे का ते बघायला मुंबईला पत्र टाकाल. विकली असती तर मला गिऱ्हाईक होतं. आमच्या ऑफिसातले दोघं मागून राहिले होते.

ती काहून दिली ते तुम्ही विचारलं नाही, तरी लिहितो. फेब्रुवारीत गावातल्या लग्नाला आलो तेव्हा पहाटे ट्रॅव्हल्समधून हिंगोलीत उतरलो. रिक्षा करून या असं तुम्ही फोनवर म्हणाला होता. मीच म्हटलं, दादांना मोटारसायकल घेऊन पाठवा. पुण्याहून आलेल्या माणसानं रिक्षात बसून गावात कसं यायचं. मी स्टँडवर चहा पिऊन राहिलो आणि तिकडं दादा उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळले. मागं लाल काच नव्हती ट्रॉलीला. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी नीट बोललेल्या नाहीत. दादा बोलतात, ते जास्त अवघड जातं.

हे झालं. आता गाडीचं. वायर ठीक, दांडा ठीक, तेल लाल. मग एकच राहतं. तेल कमी पडत असेल. कमी तेलावर ही गाडी अशीच वागते, इंजिन ओरडतं आणि चाकाला जोर मिळत नाही. खाली जमिनीवर लाल थेंब पडतात का ते बघा. पट्टीवरचं तेल दर सोमवारी किती उतरतं तेही लिहा.

परमेश्वर


नरसी नामदेव
रविवार, २३ नोव्हेंबर २००३

चि. परमेश्वर भावजी,

रिक्षाचं मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. तुम्ही काढलं. बरं झालं, आता दोघांना माहीत आहे की दोघांना माहीत आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

थेंब एकही नाही. गाडी उभी असते ते अंगण मी शेणानं सारवते. तिथं मुंगी मेली तरी मला दिसते.

आणि तेल कमी पडतं म्हणता ते कुठल्या हिशेबानं? तुमच्या मुंबईच्या माणसाचा हात सैल आहे. पहिल्याच सोमवारी तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. तुमच्या कागदावर खाली रेघ मारून लिहिलं आहे, "खुणेच्या वर तेल कधीही नको, फेस येतो." म्हणून मी काढून घेतलं. मेंढ्यांना जंताचं औषध पाजायची यांची मोठी पिचकारी आहे, तिला सलाईनची नळी लावली आणि पट्टीच्या भोकातून ओढलं. एक थेंब सांडला नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा थोडं वर. पुन्हा काढलं. गाडी जितकी जास्त दिवस उभी, तितकं ते वर चढतं, आणि हल्ली ती उभीच असते. आतापर्यंत रॉकेलच्या दोन बाटल्या भरून वर अर्धी झाली.

फेकलं नाही, काळजी करू नका. चांगलं पातळ तेल आहे. शिलाई मशीनला घातलं, फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलं, मंदिराच्या मागच्या दाराची कडी करकर करायची तिला घातलं. शेजारच्या शकुबाईच्या मशीनलाही दिलं. ती म्हणाली, "चांगुणाबाई, तुमच्या दिराच्या गाडीपरीस तिचं तेल कामाचं हाय."

तेव्हा तेल कमी नाही. दुसरं काही सुचत असेल तर लिहा. एकोणचाळीस दिवस राहिले.

चांगुणा


पुणे
२८ नोव्हेंबर २००३

वहिनी,

ती पिचकारी ठेवून द्या. आजच.

या गाडीचं तेल इंजिन चालू ठेवून मोजतात. गरम असताना, चालू असताना. गाडी चालू असली की बरंचसं तेल गिअरबॉक्सच्या वरच्या भागात चढलेलं असतं आणि फिरत असतं. बंद केली की ते सगळं हळूहळू खाली उतरतं, म्हणून बंद गाडीत पट्टीवर ते वरच दिसणार. जास्त दिवस उभी राहिली तर आणखी वर. ते जास्त नव्हतं. ते तिचं रक्त होतं आणि तुम्ही दर सोमवारी ते काढून शकुबाईच्या मशीनला पाजलं. अडीच बाटल्या. ती चालत होती हेच आश्चर्य. मी कंपनीत ही गोष्ट सांगितली तर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून सांगत नाही.

"इंजिन चालू ठेवून" हे शब्द माझ्या कागदावर नव्हते. मला वाटलं, एवढं कुणालाही कळतं. चूक माझी. ही ओळ तुम्ही जपून ठेवणार हे मला माहीत आहे.

त्याच तेलाचे तीन डबे ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं हिंगोलीला पाठवतो. बाटल्यांतलं जुनं परत घालू नका, त्यात रॉकेल आहे. गाडी चालू करून, गरम होऊ देऊन, ब्रेकवर पाय ठेवून दांडा प्रत्येक अक्षरावर क्षणभर ठेवून परत P वर आणायचा, मग मोजायचं. थोडं थोडं घाला.

एक मात्र मला कळत नाही. पुस्तकात हे स्पष्ट दिलं आहे, चौकटीत, ठळक अक्षरांत. दादांच्या मांडीवर ते पुस्तक दोन महिने आहे. त्यांनी ते वाचलं नाही का? त्यांना विचारा. नको, मीच त्यांना वेगळं लिहितो.

परमेश्वर


नरसी
९ डिसेंबर २००३

प्रिय परमेश्वर,

तुझं पत्र मिळालं. तू सरळ विचारलंस म्हणून सरळ लिहितो.

वाचलं होतं. गाडी आली त्याच दिवशी. चौकट पण पाहिली. पहिल्या सोमवारी तिनं पिचकारी मागितली तेव्हा मीच ती उकळत्या पाण्यातून काढून दिली. सांगणार होतो, पण तेवढ्यात ती म्हणाली, "तुमच्या भावाचा कारभार बघा." मग म्हटलं राहू दे. पुढच्या सोमवारी सांगायला उशीर झाला होता. तिसऱ्या सोमवारी मला बरं वाटलं.

श्रावणात मी बसनं हिंगोलीला जाऊन बघणार होतो. स्टँडपर्यंत चालत गेलो, दम लागला म्हणून देवळाच्या पायरीवर बसलो, कुबडी बाजूला ठेवली. दर्शनाला आलेली एक म्हातारी उतरली आणि तिनं माझ्या हातावर रुपया ठेवला. पुढं गेली. मी तीस वर्षं या तालुक्यातल्या जनावरांना हात लावला आहे, प्रत्येक वाडीत लोक मला खाट टाकतात. मी तो रुपया परत दिला नाही. कसा देणार? ती गेली होती. घरी आलो आणि तुझ्या वहिनीला म्हटलं, बसमध्ये गर्दी होती.

त्या कार्यालयात सगळे मला ओळखतात. गाडी चालली तर जावं लागेल. चालली नाही तर नाही. तू गाडी चांगलीच दिली होतीस, तिला दोष नाही.

हिच्या कानावर घालू नकोस. तिला माझ्यापेक्षा गाडीचाच राग परवडतो.

मसाजी


नरसी नामदेव
रविवार, ४ जानेवारी २००४

चि. परमेश्वर भावजी,

डबे मिळाले होते. तीनांतला एक उरला आहे, बंद आहे, ठेवला आहे.

यांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र मी वाचलं. पोस्टात टाकायला यांनी ते माझ्याच हातात दिलं, वर म्हणाले, "डिंक लाव." सव्वीस वर्षांत या घरातलं एक पत्र माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेलं नाही, आणि या माणसाला अजून वाटतं की मी नुसता डिंक लावते. असा माणूस सरकारनं तीस वर्षं कसा सांभाळला कोण जाणे. वाचलं, चिकटवलं, टाकलं. यांना काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

तुम्हाला मी मागं जे लिहिलं ते लिहिलं. पिचकारीची गोष्ट तुम्ही कंपनीत सांगितली तरी चालेल. एवढंच माझ्याकडून.

२२ तारखेला सोमवार होता. यांना म्हटलं, तेल घालायचं आहे, गाडी चालू करा. हे म्हणाले, "परवा बघू." मी म्हटलं, "मी सोमवारी बघते, परवा नाही. मला चावी फिरवता येत नाही, तुमाला येते. बसा." बसले. इंजिन गरम होऊ दिलं. मग हे एकेक अक्षरावर दांडा नेऊन परत आणायचे, मी पट्टी पुसून बघायची आणि नरसाळ्यानं घालायची. पहिल्यांदा पट्टी कोरडी आली. भावजी, कोरडी. मी यांच्याकडं बघितलं, हे समोरच्या भिंतीकडं बघून राहिले होते. पाच वेळा घालावं लागलं. मग मी डावीकडं जाऊन बसले. कमानीच्या पुढं रस्ता मोकळा आहे, तिथं हलका हिसका बसला आणि इंजिनाचा आवाज खाली आला. थोड्या वेळानं दुसरा. हे म्हणाले, "पडला." एवढंच.

१ तारखेला सकाळी यांच्या पोटात दुखायला लागलं. मी ओवा दिला आणि इस्त्रीचा शर्ट दिला. हिंगोलीपर्यंत मी सोबत होते. कार्यालयाच्या फाटकात गाडी लावून हे उतरेनात. थावरा नावाचा तिथला शिपाई धावत आला, दार उघडून म्हणाला, "साहेब, या, हात द्या." यांचा हात पुढं जाईना. मला म्हणाले, "तू आत ये ना बराबर."

"मी काहून येऊ? माझी नेमणूक हाय का?"

"थोडा वेळ."

"पायाचा दाखला तुमाला मिळाला, मला न्हाई. मी काय दाखवू साहेबाला?"

थावरा हसला. मी उतरले, जेवणाचा डबा यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, मी एसटीनं जाते.

"आणि मी?"

"चावी तुमच्याजवळ हाय."

मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर हे उतरले नसते, आणि मग मी यांना जे बोलले असते ते तुम्हाला लिहिता आलं नसतं. बसमध्ये जागा मिळाली नाही, उभी आले. दुपारी हरिपाठ काढून बसले. तीनदा पहिल्या अभंगावर आले, चौथ्यांदा मिटून ठेवला. कार्यालय पावणेसहाला सुटतं. सहा वाजले. सव्वासहा वाजले. शकुबाई दोनदा डोकावून गेली, "आले का हो?" तिला म्हटलं, आले की तुमाला सांगावा धाडीन, जा.

साडेसहाला गाडी दारात आली. मी चुलीपासून उठले नाही. हे आत आल्यावर बाहेर जाऊन बघितली. डाव्या अंगाचा पत्रा दिव्यापासून दारापर्यंत घासलेला, आणि आरसा मोडून लोंबत होता. कुठं घासला विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही. हात धुतले, पाटावर बसले, चहा मागितला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून डब्यात भाकरी वाढव. तिथं चौघं सोबत जेवतात, माझी एकट्याची दिसते."

दोन वाढवल्या.

त्या बाजूचा आरसा हिंगोलीत मिळत नाही म्हणतात. तिकडं मिळाला तर पाठवा. जुना चालेल.

चांगुणा